वरचं वजन

१

समाधान महाजनच्या गॅरेजला पाटी नव्हती. बुऱ्हाणपूरच्या लालबागेत कुणालाही विचारलं, की तो हात लांब करून सांगायचा, "ते काय, जेसीबीचे तुटके हात पडलेले दिसतील तिथे आत वळा." क्रेन, खोदाईची यंत्रं, झाडं कापायच्या इंजिनवाल्या करवती, केळीची खोडं चिरडणारी मशिनं, असलं सगळं अवजड दुखणं समाधानकडे यायचं. गावात तसे मिस्त्री पुष्कळ, पण समाधानची एक सवय होती. मालकाचं गाऱ्हाणं तो आधी ऐकतच नसे. मशीन सुरू करून हात पाठीमागे बांधून उभा राही आणि डोळे मिटून तिचा आवाज ऐके. "मालकाला वाटतं ते मालकाचं दुखणं. मशीनचं वेगळंच असतं," असं तो म्हणायचा.

वैशाखातल्या एका सकाळी निरंजन त्याच्याकडे बकेटची गाडी घेऊन आला. निरंजन हा ठेकेदार. चांदनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर विजेच्या तारांना भिडलेल्या फांद्या छाटायचं काम त्याला मिळालं होतं. गाडी म्हणजे एक ट्रक, त्याच्या पाठीवर दुमडलेला लोखंडी हात आणि हाताच्या टोकाला बकेट, माणसांनी उभं राहायचा पिंजराच म्हणा. दोन माणसं कशीबशी मावतील एवढी. आत उभं राहून दांडा ओढला की हात उलगडत जातो आणि माणूस झाडाच्या शेंड्याला टेकतो.

"मिस्त्री, भोंग्यानं दिमाग खाल्लाय," निरंजन म्हणाला. "एक बार बघूनच टाका."

बकेटच्या तळाखाली वजन ओळखणारं एक यंत्र बसवलेलं असतं. दोघांच्या वर वजन गेलं की भोंगा केकाटायला लागतो आणि गाडी जागच्या जागी अडते. वजन उतरेपर्यंत दांडा हलत नाही.

"मग तिसऱ्याला चढवू नका," समाधान म्हणाला.

"तिसरा?" निरंजन हसला, पण ते हसू काही टिकलं नाही. "दुसराच कुठं आहे! हा कडू एकटा चढतो. आणि वर गेला की भोंगा वाजतो."

कडू ट्रकच्या सावलीला बसून तंबाखू मळत होता. पन्नाशी उलटलेला, अंगाने बुटका, कानावर पांढरे केस, जुनी खाकी पँट.

२

समाधानने गाडी दोन दिवस ठेवून घेतली. वजनाचं यंत्र खोललं, पुसलं, परत बसवलं. वायर नवी ओढली. मग सिमेंटची पोती बकेटमध्ये रचून पाहिली. एका माणसाएवढी ठेवली, भोंगा गप्प. दोघांएवढी ठेवली, गप्प. त्यावर एकच पोतं टाकलं आणि भोंगा असा केकाटला, की समोरच्या हॉटेलातले लोक कपबश्या घेऊन बाहेर आले. यंत्र खोटं बोलत नव्हतं. रिकामी बकेट पार वरपर्यंत चढवून त्याने भर उन्हात तशीच ठेवली. लोखंड तापलं, तेल पातळ झालं, तरी काही नाही.

बकेट धुताना मात्र त्याला एक गोष्ट दिसली. तळाला रबराची चटई होती. माणूस एकटा उभा राहिला तर मधोमध राहील, दांड्यापुढे राहील. पण ही चटई झिजली होती ती एका कोपऱ्यात. तिथे टाचांचे दोन खळगे होते, जणू कुणी महिनोन्‌महिने अंग चोरून उभं होतं. बाकीची चटई कोरी होती. आणि त्या कोऱ्या भागाखालचा पत्रा, जिथे कुणी उभंच राहिलं नव्हतं, तो खाली दबला होता. अगदी थोडासा. हात फिरवला तरच कळावा इतका.

"कडूभाऊ, तुम्ही कोपऱ्यात उभे राहता?"

"हाव."

"काहून? दांडा तर मध्ये आहे."

कडूने तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली. "लांबून पुरतो हात," तो म्हणाला आणि दुसरीकडे पाहू लागला.

समाधानने स्वतःची समजूत घातली. आधीच्या कुणी जड सामान टाकलं असेल. पत्रा काय, दबतोच. त्याने खालून एक लोखंडी पट्टी जोडून टाकली आणि गाडी पाठवून दिली.

३

तिसऱ्या दिवशी निरंजनचा फोन आला. समाधानने तो उचलला तेव्हा आधी ऐकू आला तो भोंगाच. त्याच्यावरून निरंजन ओरडत होता, "ऐका, ऐका! तुम्हीच ऐका!"

जेवण तसंच झाकून समाधान मोटरसायकलवर निघाला. टळटळीत दुपार. दोन्ही बाजूंना केळीचे मळे, त्यांची पानं उन्हानं कडेला करपलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. बरंच पुढे गेल्यावर रस्त्याच्या वळणाला एक खिरणीचं झाड होतं. समाधान या रस्त्याने कितीदा गेला असेल, पण झाड एवढं मोठं आहे हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. सगळं रान वाळून गेलेलं आणि हे मात्र काळंहिरवं, गच्च. बकेटची गाडी त्याखाली उभी होती. लोखंडी हात सरळ वर जाऊन पानांत शिरला होता आणि बकेट दिसत नव्हती.

भोंगा थांबलेला होता.

"आत्ता थांबला," निरंजन म्हणाला. तो ट्रकच्या केबिनमध्ये एसी लावून बसला होता. "मिस्त्री, बाकी झाडांवर नाही वाजत. मी बघितलं ना. एक याच झाडावर वाजतो."

"फांदी टेकत असेल बकेटवर."

"मीही तेच बोललो. कडू म्हणतो, नाही टेकत."

थोड्या वेळाने हात हलला आणि बकेट पानांतून खाली आली. कडू कोपऱ्यात उभा होता. अंगावर पानांचा चुरा, चेहरा घामाने निथळत असलेला.

"कडूभाऊ, मी येतो वर," समाधान म्हणाला. "डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळायचं नाही."

कडूने तंबाखू थुंकली. मग बकेटचं दार उघडलं. "या. पण मी सांगीन तसं उभं राहा."

४

पट्टा कमरेला बांधून, त्याचा आकडा बकेटच्या कडीत अडकवून समाधान आत उभा राहिला. दोघांची अंगं एकमेकांना लागत होती. कडूने दांडा ओढला आणि जमीन खाली गेली. केबिनचं टप, तारा, मग पलीकडचे मळे, त्यांच्याही पलीकडे रेल्वेचा रूळ चमकताना दिसला. मग पानं आली आणि सगळं झाकून गेलं.

आत गारवा होता, एवढा की घामाने भिजलेला शर्ट पाठीला थंड लागला. उजेड हिरवट, मळका. खिरण्या पिकल्या होत्या, पिवळ्या फळांचे घोस हाताशी लोंबत होते. पण एकाही फळाला चोच लागलेली नव्हती. पक्ष्याचा आवाजही नव्हता. समाधानने बकेटच्या चारी बाजू वाकून पाहिल्या. फांदी कुठेच टेकत नव्हती. वीतभर तरी अंतर होतं.

"आता सरका," कडू हलक्या आवाजात म्हणाला. "इकडे, माह्या अंगाशी. त्याले जागा द्या."

"कोणाला?"

बकेट खाली दबली.

बसमध्ये आपल्या शेजारी जाडसा माणूस येऊन बसावा तशी. धक्का नाही, हिसका नाही, सावकाश, सवयीने. लोखंडी हात करकरला आणि भोंगा केकाटू लागला. समाधानच्या कानात दडे बसले. त्याने दांड्याकडे हात टाकला, ओढला, ढकलला. दांडा मेलेला होता.

"निरंजन!" तो ओरडला. खाली आणीबाणीचा पंप होता, तो हाताने मारला तर बकेट उतरते. "निरंजनशेठ! पंप मारा!" पण भोंग्यापुढे त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला नाही, आणि निरंजन तर काचा लावून बसलेला.

कडूने त्याचं मनगट धरलं. टाचा उंचावून तोंड कानाशी आणून म्हणाला, "ओरडू नका. मांगं पाहू नका. तो उतरते थोड्या वेळानं. रोजच उतरते."

समाधान मिस्त्री माणूस. त्याचं डोकं अजूनही हिशेब करत होतं. तेल गरम झालं असेल. सिलिंडरचं सील गेलं असेल, म्हणून हात बसला असेल. पण सील गेलं तर भोंगा कशाला वाजेल? आणि डाव्या अंगाला, जिथे मोकळी जागा होती, तिथून हा ओला वास कशाचा येतोय? नुकत्याच चिरलेल्या लाकडाचा, चिकाचा वास. आज या झाडावर करवत चाललेलीच नव्हती.

त्याने मागे पाहिलं नाही. पण नजर खाली होती आणि नजरेच्या कडेला बकेटचा कठडा होता. कडूचा एक हात त्याच्या मनगटावर, दुसरा दांड्यावर. समाधानचे स्वतःचे दोन्ही हात समोर. आणि कठड्यावर, डावीकडे, अजून एक हात होता. मळकट तपकिरी, सालीसारखा भेगाळलेला. बोटं कठड्यावरून पलीकडे वळून खाली गेली होती, आणि किती खाली गेली होती ते दिसत नव्हतं. त्यातलं एक बोट मुडपलं, परत सरळ झालं. कंटाळलेला माणूस करतो तसं.

समाधानने डोळे मिटले.

केव्हातरी बकेट हलकी झाली, वर उचलली गेली. भोंगा थांबला. कडूने दांडा ओढला आणि ते पानांतून उन्हात आले.

५

खाली उतरल्यावर समाधान ट्रकच्या चाकाशी बसला. कडूने पाण्याची बाटली दिली. निरंजन काच खाली करून विचारू लागला, "सापडला का फॉल्ट?"

"बघतोय," समाधान म्हणाला. मग कडूला हळूच विचारलं, "कधीपासून?"

"या झाडाले हात घातला तवापासून."

"आणि तुम्ही रोज चढता?"

"न चढून खाऊ काय? आन सांगू कोणाले?" कडू म्हणाला. "काही करत नाही तो. येते, उभा राहते, पाहते. मले वाटते त्याले नुसतं खाली यायचं असंन. पण भोंगा वाजते, गाडी अडते, मंग तो उतरून जाते. भोंग्याले बिचकते." तो समाधानजवळ सरकला. "भाऊ, भोंगा बंद करून द्या."

"वेडे झाले का?"

"रोज अडकून पडतो वर. एक दिवस त्याचा राग आला त मी कुठं जाऊ? गाडी चालू राहिली त निदान उतरता तरी येईन."

तेवढ्यात निरंजनही खाली उतरला. त्यालाही तेच हवं होतं. काम खोळंबलं होतं, वीजवाल्यांचे फोन येत होते. "काढून टाका ना वायर, मिस्त्री. एकटाच तर चढतो."

समाधानने आयुष्यात असलं काम केलं नव्हतं. माणसाच्या जिवासाठी बसवलेली गोष्ट काढायची नाही, हा त्याचा नेम. पण त्या दिवशी त्याला तिथून जायचं होतं, एवढंच. भोंगा वाजला तर गाडी अडते, अडली तर कडू वर अडकतो, म्हणजे वायर काढण्यातच कडूची सोय आहे, असा हिशेब त्याने मांडला. हिशेब बरोबर वाटत होता. पक्कड घेऊन त्याने वजनाच्या यंत्राची वायर कापली, टोकं टेपने गुंडाळली. घरी गेल्यावर बायको, कोकिळा, दारातच म्हणाली, "अहो, अंगाला कसला वास येतोय? लाकडं फोडली का?" त्याने दोनदा साबण लावून अंघोळ केली.

६

चार-पाच दिवस काहीच कळलं नाही. मग निरंजन स्वतः आला. गाडी न घेता, चालत. गॅरेजच्या बाकावर बसला आणि म्हणाला, "कडू नाही सापडत आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे वर गेला. मी खाली होतो. बकेट खाली आली, आणि तो त्यात नव्हता."

समाधानने हातातला पाना खाली ठेवला.

"मिस्त्री, मी झोपलो नव्हतो. आईची कसम. बकेट आपोआप नाही येत ना खाली? कुणीतरी दांडा ओढल्याशिवाय?"

"नाही येत."

"पट्टा आत होता. आकडा कडीत अडकवलेला, बक्कल लावलेलं. जसं माणसाच्या कमरेला असतं तसं. फक्त माणूस नाही. करवत बंद करून खुंटीला नीट टांगलेली." निरंजनने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "आणि दार उघडं होतं. बकेट जमिनीला टेकली आणि दार उघडलं. वारं नव्हतं."

पोलीस आले. शिडी लावून झाडावर माणसं चढवली, त्यांनी फांदीन्‌फांदी पाहिली. आजूबाजूचे मळे पिंजले, विहिरीत गळ टाकले. काही सापडलं नाही. मग लोक बोलू लागले, की घरात भांडून सुरतेला पळाला असेल. निरंजनने उरलेलं काम सोडून दिलं. गाडी तिथेच, झाडाखाली उभी राहिली. ती हलवायला कुणी चढायला तयार होईना.

समाधानला रात्री झोप लागेना. कडूने मागितलं म्हणून दिलं, असं तो स्वतःला सांगे. पण कडूने काय सांगितलं होतं? त्याले नुसतं खाली यायचं असंन. हे वाक्य त्याने तेव्हा ऐकलं होतं आणि तरी पक्कड उचलली होती.

७

एका सकाळी गॅरेजसमोर एक बाई येऊन उभी राहिली. उंच, हाडापेराने मोठी, नऊवारी, हातात फडक्यात बांधलेली भाकर.

"मी मालूबाई. कडूची घरवाली."

समाधान उठून उभा राहिला.

"तुम्हाले ती गाडी चालवता येते ना? खालून?"

"येते, मावशी. पण..."

"मले वर न्या."

"काय करणार वर जाऊन? पोलिसांनी सगळं झाड पाहिलं."

"त्यांनी हाक मारली का?" मालूबाईने विचारलं. "नाही मारली. मी रोज त्या झाडाखाली जाऊन बसते. दुपारी वरून खोकल्याचा आवाज येते. माह्या माणसाचा खोकला मले नाही कळणार का?"

समाधानने समजावून पाहिलं. उंचावर चक्कर येते म्हणाला, गाडी बंद पडली असेल म्हणाला. ती नुसती उभी राहिली. शेवटी म्हणाली, "भाऊ, तुम्हीच त वायर कापली ना?" त्यात राग नव्हता. ओळख पटवून घ्यावी तशी ती बोलली. समाधानने मोटरसायकल काढली.

झाडाखालची बकेटची गाडी एका चावीतच सुरू झाली. त्याने मालूबाईला पट्टा बांधला, आकडा तीनदा ओढून पाहिला आणि ट्रकच्या बाजूला, खालून बकेट हलवायच्या दांड्याशी उभा राहिला. बकेट चढत गेली. तिचं लुगडं, मग हातातलं पांढरं फडकं, मग काहीच नाही. पानं मिटली.

"अहो," तिचा आवाज आला. "अहो, भाकर आणली."

समाधानने सवयीने डोळे मिटले आणि इंजिनाचा आवाज ऐकत राहिला. नीट चाललं होतं. मग तो आवाज बसला. चढावर बैलाने मान खाली घालावी तसा. लोखंडी हात करकरला, ट्रक एका बाजूला झुकला आणि त्याला दिलेल्या लोखंडी टेकूखालची माती चेपली गेली. भोंगा वाजला नाही. वाजायला वायरच नव्हती.

वर मालूबाई हसली. नव्या नवरीसारखं, तोंडाला पदर लावून हसल्यासारखं.

"घ्या खाली," ती ओरडून म्हणाली. "हळू घ्या भाऊ. दोघं आहोत."

समाधानचा हात दांड्यावर होता. न ओढता त्याला पळता आलं असतं. पण वर एक बाई पट्ट्याने बांधलेली होती, आणि तिला तो तिथे ठेवू शकत नव्हता. तो खाली, आपल्या चपलांकडे पाहत राहिला आणि दांडा ओढला. बकेट यायला खूप वेळ लागला. ती टेकली तेव्हा जमीन तळपायाला जाणवेल इतकी हलली. ओल्या लाकडाचा वास आला. बक्कल सुटल्याचा आवाज आला, दार वाजलं.

"येतो भाऊ," मालूबाई म्हणाली. तिच्या आवाजात इतकं सुख होतं, की समाधानला मान वर करावीशी वाटली. त्याने केली नाही. तिची पावलं डांबरावर लागेपर्यंत तो थांबला आणि मग वळून पाहिलं.

मालूबाई उन्हातून चांदनीच्या दिशेने चालली होती. एकटीच दिसत होती. रस्त्याच्या कडेकडेने, बाजूला जागा सोडून, मधूनच मान वळवून काहीतरी सांगत, हसत. एका हातात रिकामं फडकं होतं. दुसरा हात कुणाच्या तरी हातात असावा तसा धरलेला होता.

समाधानला क्षणभर बरं वाटलं. मिळाला असेल बिचारीला तिचा माणूस. मग त्याच्या लक्षात आलं. कडू बुटका होता, बायकोच्या खांद्यालाही न लागणारा. आणि मालूबाईचा तो हात डोक्याच्याही वर, सरळ उचललेला होता. जत्रेत लहान पोर बापाचं बोट धरून चालतं, तसा.